होल्स्टर कोणतेही चालत नाही

‘हत्यार बाळगणारा सावध असला की झाले, होल्स्टर कोणतेही चालते.’ परवान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये हे मत इतके रुळले आहे की लाख-सव्वा लाखाचे हत्यार घेताना महिनोन्महिने चौकशी करणारा माणूस होल्स्टरच्या बाबतीत मात्र दुकानदार काउंटरवर जे ठेवेल ते उचलून निघतो. या मताला जोडून आणखी दोन समज ऐकू येतात. एक, सगळ्या मापांना बसणारे मऊ कापडी कव्हर पुरेसे असते. दुसरा, कंबरेला काही बांधण्यापेक्षा पर्समध्ये, बॅगेत किंवा खिशात टाकलेले हत्यार सोयीचे पडते. तिन्ही समज चुकीचे आहेत आणि या चुकीची किंमत मांडीत, पोटरीत किंवा शेजारच्या माणसाच्या अंगात घुसलेल्या गोळीने मोजावी लागते. होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचे वेष्टन नव्हे. ते पिस्तुलाच्या सुरक्षायंत्रणेचा भाग आहे, आणि त्याच मॉडेलसाठी घडवलेले नसेल तर ते आपले काम करूच शकत नाही.

हे काम नेमके कोणते, ते आधी पाहू. आजच्या पिस्तुलांपैकी फार मोठा वर्ग असा आहे की ज्याला बोटाने वर-खाली करायची वेगळी सेफ्टी नसते. ग्लॉक हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्याच्या आतल्या सगळ्या सुरक्षा-अडसरांची रचना एकाच गृहीतावर उभी आहे: चाप दाबला गेला नाही तर गोळी सुटणार नाही. हे गृहीत खरेही आहे. पण चापाला बोट आणि सदऱ्याचे टोक यातला फरक कळत नाही. साधारण अडीच किलोंचा दाब पडला की तो मागे जातो, मग तो दाब बोटाचा असो, जाकिटाच्या नाडीचा असो, की होल्स्टरच्याच दुमडलेल्या कडेचा असो. म्हणून चापाभोवतीचे कडे दोन्ही बाजूंनी आणि खालून पूर्ण झाकणे, तेही बाहेरून दाबले तरी आत न दबणाऱ्या कडक साहित्याने, हे होल्स्टरचे पहिले काम. दुसरे, माणूस धावला, वाकला, पडला तरी हत्यार जागचे हलू न देणे. तिसरे, हत्यार बाहेर काढल्यावरही तोंड उघडे ठेवणे, म्हणजे परत ठेवताना एक हात पुरतो. आणि चौथे, पिस्तूल आत असतानाच मूठ पूर्ण पकडता येईल इतकी जागा सोडणे. बाहेर काढल्यावर पकड सुधारावी लागली तर त्या धडपडीतच बोट चापावर जाते.

आता ‘सगळ्यांना बसणारे’ नायलॉनचे कव्हर घ्या आणि ही चार कामे त्याला लावून बघा. ते सगळ्यांना बसते, कारण ते कोणालाच बसत नाही. चापाच्या कड्यावर त्याचे कापड सैल पडते आणि बाहेरून अंगठ्याने दाबले तर चाप हाताला लागतो. जो चाप अंगठ्याला लागतो, तो गाडीच्या सीटबेल्टच्या बकललाही लागतो. पिस्तूल काढले की कव्हरचे तोंड मिटते. परत ठेवायचे तर डाव्या हाताची बोटे घालून ते उघडे धरावे लागते, आणि भरलेल्या पिस्तुलाची नळी त्याच बोटांवरून सरकत आत जाते. हत्यार धरून ठेवण्याचे काम एका बटणाच्या पट्टीवर सोपवलेले असते. ती पट्टी मॉडेलप्रमाणे कापलेली नसल्याने एकतर सैल राहते किंवा ठेवताना आत वळून चापाच्या कड्यातच शिरते. म्हणजे जे साधन चापाला परक्या वस्तूंपासून वाचवण्यासाठी आहे, तेच परकी वस्तू बनते. चामड्याचे होल्स्टरही याला अपवाद नाही. अमेरिकेत नेमके असे घडलेले आहे: वापरून वापरून तोंडाशी मऊ पडलेल्या चामड्याची घडी ग्लॉकच्या चापाच्या कड्यात शिरली आणि माणूस मोटारीत बसताना कंबरेवरचे पिस्तूल उडाले. त्या होल्स्टरला बाहेरून पाहणाऱ्याने ‘चांगले मुरलेले चामडे’ असेच म्हटले असते.

होल्स्टरच नसले तर काय होते याचे जगाला माहीत असलेले उदाहरण प्लॅक्सिको बरेसचे. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा हा अमेरिकन फुटबॉलपटू. २००८ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकून देणारा निर्णायक टचडाउन त्याने केला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मॅनहॅटनमधल्या एका नाइटक्लबमध्ये तो ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकमध्ये ग्लॉक खोचून गेला. पिस्तूल पायावरून खाली घसरू लागले, त्याने ते पकडायला हात घातला आणि गोळी त्याच्याच मांडीतून गेली. शस्त्र विनापरवाना असल्याने त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ऐन भरातली कारकीर्द तुरुंगात गेली. यात पिस्तुलात दोष नव्हता. घसरणारी वस्तू पकडणे ही माणसाची उपजत प्रतिक्रिया आहे आणि ती पकडताना बोटे आत वळतात. घसरण होऊ न देणे एवढाच त्यावर उपाय आहे.

इथे सावधपणाचे कैवारी म्हणतील की तो खेळाडू होता, प्रशिक्षित माणूस नव्हता. प्रशिक्षण आणि शिस्त असेल तर असे होत नाही. त्यांनी २ जून २०१८ च्या पहाटेची डेन्व्हर शहरातली घटना पाहावी. सुट्टीवर असलेला एफबीआयचा एक एजंट बारमध्ये नाचत होता. त्याने उलटी कोलांटी मारली, कंबरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल जमिनीवर पडले, त्याने ते झटकन उचलले आणि उचलताना गोळी सुटून समोरच्या ग्राहकाच्या पायात घुसली. त्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. पुढे त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला दोन वर्षांचे प्रोबेशन मिळाले. भरलेले हत्यार घेऊन बारमध्ये कोलांट्या मारू नयेत, हे खरेच. पण या माणसाकडे प्रशिक्षणाची कमतरता नव्हती, आणि होल्स्टरही होते. नव्हती ती त्या होल्स्टरची पकड. तीच कोलांटी धावताना ठेच लागून, मोटारसायकलवरून घसरून, झटापटीत खाली पडूनही होते आणि तेव्हा कोणी ती हौसेने मारत नाही. सावधपणा हा माणसाचा गुण आहे, पण तो क्षणाक्षणाला जागा ठेवावा लागतो. हत्यार कंबरेला दहा-दहा तास असते. त्यातले नऊ तास एकोणसाठ मिनिटे माणसाचे लक्ष दुसरीकडे असते आणि असायलाच हवे. जो सतत कंबर चाचपतो तो स्वतः धोक्यात असतो आणि इतरांनाही धोक्यात घालतो. त्या सगळ्या वेळेची जबाबदारी होल्स्टरने घ्यायची असते. ‘सावध राहा’ म्हणून ही जबाबदारी माणसावर ढकलणे म्हणजे अपघात झाल्यावर दोष कोणाला द्यायचा एवढेच ठरवून ठेवणे.

पर्सचा समज आपल्याकडे सरकारी कारखान्यानेच पसरवला, हे खेदाने सांगावे लागते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतरचे ते दिवस होते. किंमत सुमारे एक लाख बावीस हजार, सोबत दागिन्यांच्या डबीसारखी मरून रंगाची पेटी, आणि विक्रीचा मुद्दा हा की ते पर्समध्ये सहज मावते. मावते, हे खरे आहे. पण पर्स म्हणजे होल्स्टर नव्हे. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असते, चार्जरची वायर असते, आणि यातले काहीही चापात अडकू शकते. संकटात हात घातल्यावर आधी काय लागेल ते सांगता येत नाही. पर्स खुर्चीला अडकवली जाते, दुसऱ्याच्या हाती दिली जाते, हिसकावली जाते. ज्या गुन्ह्यापासून संरक्षण हवे म्हणून हत्यार घ्यायचे, त्या गुन्हेगाराच्या हातात सर्वांत आधी पर्सच जाते. आणि घरात मूल असेल तर पर्स ही त्याच्या कुतूहलाची पहिली जागा असते. ३० डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या हेडन गावी, वॉलमार्टच्या दुकानात, खरेदीच्या गाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला, आतल्या पिस्तुलाचा चाप ओढला गेला आणि एकोणतीस वर्षांची ती आई जागीच मेली. ती पर्स साधी नव्हती. पिस्तूल बाळगण्यासाठी वेगळा चेन लावलेला कप्पा असलेली ती खास पर्स होती. तिच्या नवऱ्याने नाताळची भेट म्हणून ती दिली होती. हत्यार अंगावर नसले की त्याच्यावर नियंत्रण नसते, आणि कप्प्याला कितीही चेन लावल्या तरी हे बदलत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या अग्निशस्त्र कायद्याने हे स्पष्ट लिहून ठेवले आहे: सार्वजनिक ठिकाणी हत्यार पूर्ण झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याला त्यावर परिणामकारक नियंत्रण ठेवता आले पाहिजे. ज्या बाईला खरोखरच हत्यार बाळगण्याची गरज आहे, तिला ते सांभाळण्याचे पुरुषाइतकेच चांगले साधन द्यायला हवे होते. तिला दिली दागिन्यांची पेटी.

यावर एक तांत्रिक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्याआधी नीट ऐकायला हवा. ‘तुमची उदाहरणे ग्लॉकची. आपल्याकडे ९ मिमी सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. आपल्याकडे .३२ चे रिव्हॉल्व्हर. त्याचा चाप जड, पाच किलोंच्या आसपास दाब लागतो. कापडाच्या टोकाने तो ओढला जाईल कसा?’ यात तथ्य आहे. घोडा न चढवलेल्या रिव्हॉल्व्हरचा लांब, जड चाप अधिक क्षमाशील असतो. पण परत ठेवताना काहीतरी अडकले आणि माणसाने वरून जोर दिला, तर पाच किलो ही काही मोठी गोष्ट नाही. अडकलेला ड्रॉवर बंद करताना आपण त्याहून जास्त जोर लावतो. दुसरे म्हणजे रिव्हॉल्व्हरला चापाखेरीज आणखी एक नाजूक जागा आहे, ती म्हणजे बाहेर उघडा असलेला घोडा. जुन्या रचनांमध्ये हत्यार घोड्यावर आपटले तर गोळी सुटू शकते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकी नौदलाच्या जहाजावर स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर डेकवर पडून एक खलाशी ठार झाला आणि कंपनीला घोड्याचा अडसर नव्याने घडवावा लागला. वडिलोपार्जित, पन्नास-साठ वर्षांची रिव्हॉल्व्हरे आजही परवान्यावर आहेत. त्या प्रत्येकात असा अडसर आहे आणि तो झिजलेला नाही, याची खात्री कोण देणार? चाप जड आहे म्हणून होल्स्टर सैल चालेल हा तर्क म्हणूनच उलटा आहे. पडण्याची भीती ज्या हत्याराला जास्त, त्याला घट्ट होल्स्टरची गरज जास्त.

मुंबईत १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. ठेवताना ते हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या प्रसंगाचा निवाडा इथे करायचा नाही. पण त्यातून एवढे तरी दिसते की भरलेले हत्यार सर्वांत धोकादायक असते ते नागडे असताना, हात आणि कपाट यांच्या मधल्या वेळात. व्यवस्थित बसणारे होल्स्टर पट्ट्यावरून हत्यारासकट उतरवता येते. चाप झाकलेलाच राहतो. तिजोरीत ठेवण्यासाठी गोळ्या काढायच्या तर त्या सावकाश, नळी सुरक्षित दिशेला धरून काढायच्या.

सेफ्टी असलेल्या पिस्तुलांबद्दलही थोडे सांगायला हवे. सैल कव्हरमध्ये पिस्तूल चालताना हलते, घासते, आणि सेफ्टीचा खटका हळूहळू खाली सरकतो. काढताना माणूस समजतो की सेफ्टी लागलेली आहे. ती नसते.

पोलिसांच्या बाबतीत ‘घट्ट होल्स्टर म्हणजे उशीर’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. सेकंदाचा हिशेब असलेल्या कामात हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. परंतु पोलीस कर्मचारी गर्दीत उभा असतो. मोर्चा, मिरवणूक, मतमोजणी, रुग्णालयातला कैदी, न्यायालयाचा व्हरांडा. कंबरेपाशी कोणाचा हात येईल सांगता येत नाही. स्वतःच्याच हिसकावलेल्या हत्याराने मारले गेलेले पोलीस हा अमेरिकेतल्या पोलीस प्रशिक्षणातला जुना, वेदनादायी विषय आहे, आणि तिथली अडसरवाली होल्स्टरे त्यातूनच आली. एफबीआयमधून बाहेर पडलेले बिल रॉजर्स यांनी होल्स्टरची पकड मोजण्याची पायऱ्यांची पद्धत रूढ केली. किती अडसर पार केल्यावर हत्यार बाहेर येते, यावर पायरी ठरते. सफारीलँडसारख्या कंपन्यांच्या होल्स्टरमध्ये अंगठा ज्या ठिकाणी नैसर्गिकपणे पडतो तिथेच अडसराची कळ असते. पकड घेताना ती दाबली जाते, म्हणून सराव असलेल्याचा वेळ जवळपास वाया जात नाही. बाजूने किंवा मागून ओढणाऱ्याला मात्र हत्यार निघत नाही. उशीर होतो तो बटण कुठे आहे हे न सापडण्याने आणि पकड अर्धवट बसण्याने, म्हणजे न बसणाऱ्या होल्स्टरमुळे. आपल्याकडे पिस्तुलाला खांद्याशी बांधणारी दोरी असते. हत्यार हरवू नये म्हणून ती चांगली. पण हिसकावणाऱ्याला दोरीच्या लांबीत गोळी झाडण्यापासून ती अडवत नाही. होल्स्टरचे काम दोरीवर सोपवता येत नाही.

होल्स्टरइतकाच पट्टा महत्त्वाचा, आणि हे कळायला परदेशात जायची गरज नाही. पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशावर खांद्यावरून तिरपा येणारा सॅम ब्राऊन पट्टा सगळ्यांनी पाहिलेला आहे. १८५८ मध्ये, उठावाच्या धामधुमीत, पिलीभीतजवळच्या लढाईत कॅप्टन सॅम ब्राऊन या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. एका हाताच्या माणसाला म्यान सावरायला दुसरा हात नसतो. वजन कंबरेवर स्थिर राहिले पाहिजे. या निकडीतून तो पट्टा जन्मला. तत्त्व आजही तेच आहे. दीड इंची फटीच्या होल्स्टरमध्ये पँटचा एक इंची नाजूक पट्टा घातला की ते पुढे-मागे डुलते, आणि काढताना होल्स्टरच पिस्तुलासोबत वर येते. रुंद, कडक, होल्स्टरच्या फटीत नेमका बसणारा पट्टा नसेल तर उत्तम होल्स्टरही वाया जाते. साहित्याचा प्रश्न मात्र आपल्या हवेने सोडवावा. चामडे घाम आणि पाणी पिते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने त्यावर बुरशी धरते, आणि ओल्या चामड्यात ठेवलेल्या पोलादावर गंज चढतो. कायडेक्स हे १९६५ साली विमानाच्या अंतर्भागासाठी बनलेले प्लॅस्टिक. तापवून त्या त्या मॉडेलवर साचेबद्ध करता येते, पाणी पीत नाही, तोंड मिटत नाही. त्याने हत्याराची झिलई थोडी घासते, एवढाच तोटा. चामड्याचीच आवड असेल तर जाड, तोंडाशी जास्तीचा थर शिवलेले घ्यावे आणि ते मऊ पडले की भावनेत न अडकता टाकून द्यावे.

किमतीचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. हत्यार, परवाना, काडतुसे यांवर लाखांनी खर्च करणाऱ्याने त्या खर्चाच्या अल्पशा भागासाठी आपल्या मांडीची रक्तवाहिनी पणाला लावू नये.

गंभीर आक्षेप वेगळा आहे: पिस्तुलातच दोष असेल तर होल्स्टर काय करणार? सिग सॉअर कंपनीच्या पी३२० या पिस्तुलाबाबत २०१७ मध्ये विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटते हे पुढे आले आणि कंपनीने त्याच्या अंतर्गत रचनेत बदल देऊ केला. त्यानंतरही चापाला हात न लावता ते उडाल्याच्या तक्रारी आणि दावे अमेरिकेत चालू राहिले. कंपनीने ते नाकारले आहेत. होल्स्टर आतला दोष दुरुस्त करू शकत नाही, हे मान्य. पण पडल्यावर उडणाऱ्या हत्याराला पडू न देणारे होल्स्टरच वाचवते, आणि जिथे चाप कडक कवचात झाकलेला होता तिथेच ‘दोष हत्याराचा की माणसाचा’ हा तपास नीट होऊ शकतो.

राहिला मूळ प्रश्न: भारतासारख्या देशात हत्यारे कमी व्हावीत असे मानणाऱ्याने होल्स्टरचा कीस का पाडावा? हत्यारे कमी असावीत, परवाना ही प्रतिष्ठेची खूण बनू नये, लग्नाच्या वरातीत गोळ्या झाडणाऱ्याला तुरुंगात टाकावे, हे सगळे मला मान्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, तेही योग्यच झाले. पण पोलीस ठाण्यातला शिपाई उद्याही पिस्तूल लावूनच ड्यूटीवर जाणार आहे, बँकेची रोकड नेणारा पहारेकरीही जाणार आहे. त्यांनी हत्यार हौसेने घेतलेले नाही. त्यांना दिलेले होल्स्टर त्याच मॉडेलचे असेल याची खात्री मात्र नाही. त्या माणसांचा विचार न करता केलेली शस्त्रविरोधी भूमिका अपुरी आहे.

म्हणून परवानाधारकांना, आणि गणवेशातल्या माणसांसाठी खरेदी करणाऱ्यांनाही, विनंती आहे. हत्यार दोनदा तपासून पूर्ण रिकामे करा, होल्स्टरमध्ये घाला, पलंगावर उलटे धरून जोरात हलवा. पडले तर ते होल्स्टर घेऊ नका. चापाच्या जागी बाहेरून अंगठा दाबा. चाप हलला तर घेऊ नका. काढा आणि एका हाताने, न बघता परत ठेवा; दुसरा हात लागला तर घेऊ नका. दुकानात त्या मॉडेलचे नसेल तर थांबा, मागवा, करवून घ्या, आणि ते येईपर्यंत हत्यार रिकामे करून तिजोरीत कुलपात ठेवा.